त्याचे अंथरूण कोठे असावे?

विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणाऱ्या जुन्या सुभाषितात श्वाननिद्रेचा समावेश आहे. पापणी मिटलेली असली तरी कान जागा असावा, किंचित चाहूल लागताच उठून बसता यावे, हा त्यातला आशय. हे निरीक्षण खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे. प्रौढ कुत्रा दिवसाच्या चोवीस तासांपैकी बारा ते चौदा तास निद्रेत घालवतो, आणि म्हातारा कुत्रा त्याहूनही अधिक. त्याची झोप तुकड्यातुकड्यांची असते, हे खरे. तरीही मधूनच तो गाढ झोपतो, स्वप्न पडल्यासारखे पंजे हलवतो, झोपेतच बारीक भुंकतो. ज्या जागी तो आपले निम्मे आयुष्य काढतो, त्या जागेचा विचार आपण मात्र क्वचितच करतो. जुने पोते कोपऱ्यात टाकले की आपली जबाबदारी संपली, असा बहुतेक घरांतील रिवाज आहे.

वाचकहो, आरोग्यविषयक पाक्षिकात कुत्र्याच्या अंथरुणाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर माझ्या आत्याच्या मनगटात आहे.

माझी आत्या वडनेरला राहते. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील हे गाव. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो आणि भोवताली कपाशी, तूर, सोयाबीन यांची वावरे आहेत. आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर, आतोबांचे ब्याऐंशी. मुले नोकरीनिमित्त दूर. घरात तिसरा जीव म्हणजे राजा, अकरा वर्षांचा गावठी कुत्रा. त्याचे पोते ओसरीवर असे. परंतु तो तेथे कधी झोपत नसे. माजघरातून न्हाणीघराकडे जाणाऱ्या अरुंद बोळात, बरोबर उंबरठ्याला लागून, तो आडवा पसरलेला असायचा. मागच्या श्रावणात रात्री दोनच्या सुमारास आत्या लघवीसाठी उठली. वीज गेलेली होती. पाय राजाच्या पाठीला लागला, तो दचकून उठला, आणि आत्या हातावर पडली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर कित्येक दिवस बोटांचा व्यायाम. वेणी घालणे आणि भाकरी थापणे ही दोन्ही कामे अनेक महिने बंद.

घरातील तरुण मंडळींनी तातडीने निर्णय घेतला: कुत्रा वावरात, सालदाराकडे पाठवावा. आत्या एकच वाक्य बोलली, “त्याले वावरात धाडाचं असंन, तं मलेबी धाडा.”

तिच्या या वाक्यामुळे आम्हांला खऱ्या प्रश्नाकडे वळावे लागले. राजा त्या बोळातच का झोपत होता? पशुवैद्यांनी त्याला तपासले तेव्हा उलगडा झाला. त्याच्या मागच्या दोन्ही पायांचे खुब्याचे सांधे झिजले होते. ओसरीच्या दोन पायऱ्या उतरणे-चढणे त्याला जड जात होते. बोळातील फरशी थंड होती. आणि त्या जागेवरून आत्याच्या खोलीतील हालचाल त्याला ऐकू येत होती. म्हणजे त्याच्या दृष्टीने त्याने जागा अत्यंत विचारपूर्वक निवडली होती. त्याच्यासाठी विचारपूर्वक जागा निवडली नव्हती ती आम्ही.

अशा पडण्याला आपण योगायोग समजतो. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २००१ ते २००६ या काळातील आकडेवारी तपासली, तेव्हा त्या एका देशात कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या वर्षाला शहाऐंशी हजारांहून अधिक असल्याचे आढळले, आणि त्यांतील फार मोठा वाटा कुत्र्यांचा होता. अस्थिभंगाचे प्रमाण पंचाहत्तरी ओलांडलेल्यांमध्ये सर्वांत जास्त होते. आपल्याकडे घरे लहान, रात्री वीज जाण्याची शक्यता मोठी, उंबरठे उंच; आपला धोका कमी असेल असे मानण्यास काहीही आधार नाही.

म्हणून पहिला नियम अंथरुणाच्या मऊपणाचा नसून त्याच्या जागेचा आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची वाट एकदा पायांनी मोजावी. रात्री या वाटेवर कुत्रा, त्याचे अंथरूण, त्याची पाण्याची थाळी वा साखळी यांपैकी काहीही असता कामा नये. खाटेच्या ज्या बाजूने आपण पाय खाली सोडतो, ती बाजूही मोकळी हवी. अंथरूण भिंतीला टेकून, शक्यतो खाटेच्या उशाकडे असावे. तेथून कुत्र्याला आपले माणूस दिसते आणि तो वाटेत येऊन झोपण्याचे कारण उरत नाही. कुत्र्याला दूर, परसात किंवा गोठ्यात नेऊन बांधल्यास तो रात्रभर केकाटतो, दार खरवडतो, आणि शेवटी कंटाळून आपणच त्याला आत घेतो. मग तो पुन्हा त्याच उंबरठ्यावर येऊन पडतो. जवळ परंतु वाटेबाहेर, हे सूत्र व्यवहारात टिकते. याला जोड म्हणून रात्रभर जळणारा मंद दिवा, उशाशी विजेरी आणि कुत्र्याच्या पट्ट्याला एक घुंगरू. घुंगराची कल्पना आतोबांची; त्यांना ऐकू कमी येते, तरी घुंगरू येते.

झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला हात लावून उठवू नये. वयोमानाने त्याची श्रवणशक्ती व दृष्टी मंदावते; अचानक स्पर्श झाला तर अत्यंत मायाळू कुत्राही दचकून चावतो. आधी नाव घेऊन हाक मारावी, हाक ऐकू येत नसेल तर जमिनीवर पाय किंवा काठी आपटावी, म्हणजे कंपनाने तो जागा होतो. आणि दात लागलाच, तर घरचा कुत्रा आहे म्हणून हळद दाबून बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपचार नाही, हे आपण जाणताच. कुत्र्याचे रेबीज-प्रतिबंधक लसीकरण पशुवैद्यांनी दिलेल्या तारखेला चुकता करावे. त्याची नोंदवही आपल्या औषधांच्या कागदांसोबत ठेवावी.

आता अंथरूण. येथे विदर्भातील वाचक भाग्यवान आहे, कारण कापूस दारात आहे. बाजारातील फोमच्या गाद्या वाईट नसतात. परंतु स्वस्त फोम काही महिन्यांत दबतो, उन्हाळ्यात तापतो आणि एकदा मूत्र मुरले की वास जात नाही. कापसाची लहान गादी धुता येत नसली तरी उसवून, पिंजून पुन्हा भरता येते. तिची लांबी कशी ठरवावी? कुत्रा कुशीवर ताणून झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सुतळीने माप घ्यावे आणि त्यात वीतभर वाढवावे. जाडीची परीक्षा आपल्या गुडघ्याने घ्यावी: गादीवर गुडघा टेकून भार दिला असता खालची फरशी टोचता कामा नये. टोचत असेल तर कुत्र्याच्या कोपराला आणि खुब्यालाही ती टोचणार. कठीण जमिनीवर वर्षानुवर्षे झोपणाऱ्या कुत्र्यांच्या कोपरांवर केस झडून जाड घट्टे पडलेले आपण पाहिले असतील; कधी त्यांत पाणी भरते, कधी ते चिघळतात. मुधोळ किंवा कारवानीसारखे सडसडीत, अंगावर चरबी नसलेले शिकारी कुत्रे सोलापूर-सांगलीकडील घरांतून पाळले जातात. त्यांना तर मऊ बिछान्याची गरज तरुणपणीच असते.

सांधेदुखीच्या कुत्र्यासाठी गादी फार उंच नसावी आणि तिची कड चढावी लागेल इतकी उभी नसावी. भोवतालची फरशी गुळगुळीत असेल तर उठताना त्याचे पाय घसरतात; तेथे सतरंजी घालावी, पण तिचे टोक दुमडून आपल्याच पायात येणार नाही अशा बेताने. ओसरीच्या पायरीला उतरती फळी लावली, तर त्याला आणि गुडघे दुखणाऱ्या गृहस्थालाही ती उपयोगी पडते. येथे एक इशारा अत्यावश्यक आहे. कुत्रा लंगडतो आहे हे पाहून आपल्या डबीतील सांधेदुखीची गोळी त्याला कदापि देऊ नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. ममतेपोटी अर्धी गोळी देणारे आजोबा घरोघरी आहेत. कुत्र्यासाठीची वेदनाशामके वेगळी असतात, आणि ती पशुवैद्यांनीच ठरवावी.

पोत्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण शेतकऱ्याच्या घरी पोत्याला तोटा नसतो. धान्याचे स्वच्छ तरट गादीखाली घालण्यास हरकत नाही. परंतु खताच्या गोण्या, फवारणीच्या औषधांची खोकी आणि बियाण्याच्या पिशव्या कुत्र्याच्या अंथरुणासाठी सर्वस्वी वर्ज्य समजाव्यात. कपाशीच्या बियाण्यावर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते, आणि कुत्रा झोपण्याची जागा चाटतो, कुरतडतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना आपण विसरलेलो नाही. ताज्या फवारणीच्या वावरातून फिरून आलेला कुत्रा तसाच अंथरुणावर, आणि तेथून आपल्या मांडीवर येतो. त्याचे पाय व पोट आधी धुवावे.

हीच गोष्ट गोचिडांची. घराघरांतून आढळणारी तपकिरी गोचीड कुत्र्याचे रक्त पिऊन फुगली की खाली गळून पडते आणि भिंतीच्या फटींत, खाटेच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत हजारोंच्या संख्येने अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचून काहीही साधत नाही. गोचिडांमुळे कुत्र्याला जो ताप येतो, त्यात तो अन्न सोडतो, त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येऊ शकते आणि वेळेवर उपचार न झाल्यास तो दगावतो. यावर उपाय सोपा, परंतु सातत्याचा आहे. गादीला जाड सुती खोळ घालावी, खोळी दोन शिवून घ्याव्यात, आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवाव्यात. गादीही उन्हात टाकावी. भिंतीच्या तळाशी असलेल्या भेगा बुजवाव्यात. पिकावर फवारायचे औषध कुत्र्याच्या अंगावर किंवा अंथरुणावर शिंपडण्याचा जो अघोरी उपाय केला जातो, तो कुत्र्याच्या आणि त्याला कुरवाळणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. अंथरुणात डांबरगोळ्याही ठेवू नयेत. कुत्र्याने गिळल्यास त्या विषारी ठरतात.

ऋतुमानाचा विचार वर्धा जिल्ह्यात तरी टाळता येणार नाही. नवतपाच्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतून येतो तेवढाच. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान आपल्याहून जास्त, साधारण साडेअडतीस अंश सेल्सिअस असते. म्हणून उन्हाळ्यात कापसाची गादी गुंडाळून ठेवावी आणि त्याला फरशीवर किंवा टीचभर उंचीच्या बाजेवर झोपू द्यावे. बाज नवारीने घट्ट विणलेली असावी. सुतळीच्या मोठ्या छिद्रांत नखे व पाय अडकतात. पत्र्याच्या छपराखाली त्याला दुपारी कधीही बांधू नये. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांडी असे दिसले तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, साध्या थंड पाण्याने अंग भिजवावे, पंखा लावावा आणि पशुवैद्यांकडे घेऊन जावे. बर्फ चोळू नये.

कूलरविषयी मात्र सविस्तर सांगणे मला भाग आहे. विदर्भात कूलरवाचून घर नाही, आणि कुत्राही आपसूक त्याच्यासमोर जाऊन बसतो. कूलरच्या पायथ्याशी पाणी झिरपते, लोखंडी सांगाडा असतो, वायर जमिनीवरून गेलेली असते. ओल्या फरशीवर चार अनवाणी पायांनी उभा असलेला प्राणी आणि त्याला उठवायला ओल्या पायांनी जाणारी आजी, दोघांनाही विजेचा धक्का बसण्याचा धोका सारखाच. कूलरला व्यवस्थित भूसंपर्क दिलेला आहे ना, हे उन्हाळा लागण्यापूर्वी वायरमनकडून तपासून घ्यावे, टाकीत पाणी भरताना बटण बंद करून पिन काढावी, आणि कुत्र्याची बाज वाऱ्याच्या झोतात परंतु कूलरपासून चार-पाच हात दूर मांडावी. कुत्र्याला वायर चावण्याची सवय असेल तर ती भिंतीवरून वर न्यावी.

पावसाळ्यात ओल आणि साप. मण्यार रात्री हिंडते, आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. त्यात माणूस व कुत्रा असा भेद ती करत नाही. सरपणाच्या, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ त्याचे अंथरूण नको. त्याच्या ताटातील उरलेल्या भाकरीवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. म्हणून रात्री ताट उचलून ठेवावे, पाणी तेवढे राहू द्यावे.

हिवाळ्याची थंडी तरुण कुत्रा सोसतो, म्हातारा सोसत नाही. तो नाक शेपटीत खुपसून, अंगाचे वेटोळे करून झोपला असेल तर त्याला गारठा जाणवतो आहे, असे समजावे. चारी पाय ताणून कुशीवर पडला असेल तर तो निवांत आहे. घोंगडीचा तुकडा, जुनी वाकळ पुरेशी असते. गरम पाण्याची पिशवी त्याच्या अंगाशी ठेवू नये. ज्याला पटकन उठून बाजूला होता येत नाही, त्याला ती भाजते, आणि उशिरा कळते. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या वृद्धांना डॉक्टर हीच सूचना का देतात, हे आपल्या लक्षात येईल.

अनेक वाचकांच्या मनातील एक प्रश्न उरतो, आणि तो विचारण्यास ते संकोचतात: कुत्र्याला स्वतःच्या बिछान्यात घ्यावे काय? एकट्या राहणाऱ्या वृद्धाला पायाशी असलेल्या ऊबदार जिवाचा केवढा आधार वाटतो, हे मी नाकारणार नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २०१७ साली चाळीस निरोगी प्रौढांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रा खोलीत असल्याने त्यांच्या झोपेत फारशी बाधा आली नाही. मात्र तो बिछान्यातच असेल तर झोपेचा दर्जा थोडासा उतरलेला आढळला. निरोगी माणसांचे हे निष्कर्ष जसेच्या तसे आजारी माणसाला लावता येत नाहीत. ज्यांची कर्करोगावर केमोथेरपी सुरू आहे, जे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात, ज्यांना दमा आहे, ज्यांच्या पायाला मधुमेहाची जखम आहे, त्यांनी कुत्रा बिछान्यात घेऊ नये. विशेषतः त्याला जखम चाटू देऊ नये. कुत्र्याच्या लाळेतील जंतू अशा शरीरात गंभीर संसर्ग करू शकतात. इतरांनी घेतलाच, तर लसीकरण, जंतांचे औषध आणि गोचीड-निर्मूलन या तीन बाबी चुकवू नयेत. माझे स्वतःचे मत विचाराल तर, वेगळे अंथरूण परंतु एकच खोली. खंडोबाच्या आणि दत्तात्रेयांच्या तसबिरींतही कुत्रे पायाशीच आहेत, मांडीवर नाहीत. हा शास्त्राधार नव्हे, गमतीने सांगतो.

अगदी थकलेल्या कुत्र्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे. त्याला मूत्र आवरत नाही, रात्री तो दिशाहीन फिरतो, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, दिवसा झोपून रात्री भुंकतो. माणसांतील स्मृतिभ्रंशासारखीच ही अवस्था आहे; तो हट्टीपणा करत नाही. त्याच्या अंथरुणाची जागा आता बदलू नये, रात्री मंद उजेड ठेवावा, झोपण्यापूर्वी त्याला एकदा अंगणात नेऊन आणावे. गादी आणि खोळ यांच्यामध्ये मेणकापड घालावे, वर जुन्या धोतराची किंवा लुगड्याची घडी. ओली झाली की तेवढीच बदलावी. तो उठूच शकत नसेल तर दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलावी, खुबा, खांदा, कोपर यांवरील कातडी लाल झाली आहे का ते पाहावे. ज्यांनी घरातील अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे, त्यांना शय्याव्रण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आणि ही सेवा करणारी व्यक्ती स्वतः सत्तरीची असेल, तर वीस-पंचवीस किलोचे जनावर एकटीने उचलू नये. त्याच्या पोटाखालून जुन्या चादरीची पट्टी घालून दोघांनी धरावे, म्हणजे कंबर वाचते.

आत्याचे मनगट आता बरेच सुधारले आहे. भाकरी थोडी जाड होते, एवढेच. राजाची गादी तिच्या खाटेच्या उशाशी, भिंतीलगत आहे. पहिले आठ दिवस तो पुन्हा पुन्हा बोळात जाऊन पडत असे. आत्याने आपले एक वापरलेले लुगडे गादीवर अंथरले, बोळाच्या तोंडाशी पाट आडवा ठेवण्याऐवजी दारच लोटून घेतले, आणि नवव्या दिवशी तो आपण होऊन गादीवर आला. रात्री घुंगरू वाजले की ती विजेरी लावून आधी खाली पाहते, मग पाय सोडते. गाद्यांचा कापूस दबला आहे, म्हणून दिवाळीपूर्वी पिंजाऱ्याला निरोप धाडला आहे. दोन गाद्या उसवायच्या आहेत, एक मोठी आणि एक लहान.